ऐकवत नाही

"बाई, तुम्ही विशारद ना?" असं म्हणत पाटणकर साहेबांनी माझ्या टेबलावर दोन कॅसेटी टाकल्या.

साहेबांनी मला 'बाई' म्हटलं की नको असलेलं काम येतं, हे सात महिन्यांत माझ्या ध्यानात आलं होतं. एरवी मी नुसती 'गायधनी' असायची.

"रविवारच्या पुरवणीला सहाशे शब्द. शुक्रवारी दुपारपर्यंत," ते म्हणाले. "आपल्या गावातल्या पोरांनी केलंय. रॉक आहे म्हणे."

"साहेब, मी शास्त्रीय गायनात विशारद आहे. रॉकमधलं मला ओ का ठो कळत नाही."

"मला तरी कुठं कळतं? म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

ही एकोणीसशे नव्याण्णव सालची गोष्ट. मी नाशिकची, सत्तावीस वर्षांची, आणि इचलकरंजीतल्या एका छोट्या दैनिकात सांस्कृतिक पानाची सर्वेसर्वा होते. सर्वेसर्वा म्हणजे ते पान मी एकटीच भरायची. भजन स्पर्धा, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंग. 'श्रोते मंत्रमुग्ध झाले' हे वाक्य मी तोवर एकोणीस वेळा लिहिलं असेल. त्यातले किती श्रोते खरोखर जागे होते, ते विचारू नका.

कॅसेटच्या वेष्टणावर काळापांढरा फोटो होता. लाकडी, होडीसारखी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेली वस्तू. इचलकरंजीत शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल, हा धोटा. यंत्रमागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो. अल्बमचं नावही 'धोटा'. बँडचं नाव 'खटका'. दोन कॅसेटी, चार बाजू, चार गाणी. गाण्यांना नावं नव्हती, नुसतं अ, ब, क, ड. प्रत्येक गाणं जवळजवळ अर्ध्या तासाचं.

"अर्ध्या तासाचं गाणं?" मी विचारलं.

"तुमचे ख्याल काय पाच मिनिटांत संपतात काय?" साहेब म्हणाले आणि फोनकडे वळले.

मी शेवंताक्कांच्या घरात माडीवरच्या खोलीत राहायची. घर गावभागाच्या कडेला, आणि चारी बाजूंना मागांच्या शेड. पहिल्या आठवड्यात त्या खडखडाटानं मला वेड लागायची पाळी आली होती. पुढे मी कानांत कापसाचे बोळे घालून राहायला शिकले. वृत्तपत्राची संगीत समीक्षक घरी कानात बोळे घालून बसते, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

खोली बघायला आले त्या दिवशीचा एक घोटाळा इथं सांगून ठेवते. शेवंताक्का म्हणाल्या, "खोली चांगली हाय खरं पाणी एक दिसाआड येतंय." मला ऐकू आलं ते असं की खोली खरंच चांगली आहे. बाईंनी स्वतःच खात्री दिली म्हणून मी खूश. तिकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे मला दुसऱ्या दिवशी कोरड्या बादलीनं शिकवलं. तेव्हापासून कुणी 'खरं' म्हटलं की मी पुढच्या वाक्यासाठी कान टवकारून उभी राहायची. त्या गावात 'खरं'नंतर काहीतरी येतंच.

बुधवारी सकाळी मी टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला, वही घेतली, आणि पहिली कॅसेट लावली.

काय सांगू? दोन गिटार अकरा मिनिटं एकच स्वर धरून बसल्या होत्या. मी माझ्या सवयीनं षड्ज शोधायला गेले, तो सापडला असं वाटेपर्यंत पायाखालून सरकला. ड्रम वाजत होता, पण समेवर यायचं नावच घेत नव्हता. मी मांडीवर मात्रा मोजत होते. सतरा झाल्या, बावीस झाल्या, मग मी हात टेकले. मग एक मुलगा ओरडायला लागला. शब्द नाहीत, नुसती हाक. 'ये' म्हणतोय की 'ए', ते कळेना. ब बाजूवर तो आकडे म्हणत होता, बारा, तेरा, बारा, तेरा, पुढं जायचंच नाही, आणि गिटार चिरकत होत्या.

मी वहीत लिहिलं, 'स्वर : एक. ताल : आहे की नाही? राग : मला येतोय.'

गंमत म्हणजे, बंद करावंसं वाटत होतं आणि हात बटणाकडे जात नव्हता. ब बाजू संपता संपता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोकं दुखत होतं म्हणून असेल. तेव्हा तरी मी असंच ठरवलं.

खालून शेवंताक्का जिना चढून आल्या.

"बाई, कुणाचा माग बिघडलाय ओ? डाव्या अंगानं जास्त मारालाय. मिस्त्रीला बोलवा म्हणावं."

"माग नाही अक्का, गाणं आहे."

"गाणं?" त्या उंबऱ्यात उभ्या राहून थोडा वेळ ऐकत राहिल्या. तेव्हा क बाजू चालू होती, गिटारमागे बारीक खटखट होती. मग माझ्याकडे बघून, आजारी माणसाला म्हणावं तसं, "व्हय व्हय," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

ड बाजू लावली. त्यात गिटार नव्हती, ड्रम नव्हता, हाक नव्हती. नुसता माग. एक यंत्रमाग, खट खडाक, खट खडाक. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. माझ्या खिडकीतून हाच आवाज चार शेडमधून फुकट येत होता. माझं डोकंच फिरलं. मी कॅसेट काढली, कानात बोळे घातले आणि दुपारी ऑफिसला जायच्या वेळेपर्यंत झोपले.

एवढं लक्षात ठेवा. ड बाजू मी दहा मिनिटं ऐकली.

गुरुवारी ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि टोपीवर कापसाचे दोन-तीन तंतू. आल्या आल्या ते इतक्या मोठ्यानं बोलले की आख्ख्या खोलीनं माना वर केल्या.

"गाण्याचं लिवणाऱ्या बाई कुठं हायत?"

मी हात वर केला. ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि त्याच आवाजात म्हणाले, "मी दुंडाप्पा हुक्केरी. महांतेशचा बाप. त्यो धोटा का काय काढलाय न्हवं, त्यो. बाई, माझं कान गेल्यात. चाळीस वर्सं मागाखाली काढली. तुम्ही काय बोलायचं ते लिवून दाखवा, वाचाय येतंय मला. तुमचा पेपर रोज वाचतोय."

मी कोऱ्या कागदाचा गठ्ठा ओढला आणि लिहिलं, 'काय काम काढलंत?'

"पोरगं गाण्यासाठी ममईला जातो म्हणतंय. मला सांगा, मी कसं ठरवू? मला त्याचं गाणं ऐकू येत न्हाई. गल्लीत इच्यारलं तर निम्मे हसाल्यात, निम्मे गप बसाल्यात. आठ माग होते माझे. थोरल्याचा, बसूचा, डोळा गेला चार वर्सांमागं. सात नंबरचा धोटा उडून बसला डोळ्यात. बसू परत शेडमधी आला न्हाई. त्यो माग मी भंगारात घातला. आता सात राहिल्यात, आणि बघणारा ह्यो एकटा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी त्याला सांगिटलंय. रविवारी पेपरात काय येतंय बघू. बाईनं गाणं हाय म्हणून लिवलं तर जा बाबा. नसंल तर सोमवारी मागावर उभा ऱ्हा. त्यो बी व्हय म्हणालाय."

मी घाईघाईनं लिहिलं, 'अहो, माझ्या एकटीच्या मतावर असं कसं ठरवता? मला त्यातलं फार कळत नाही.'

त्यांनी कागद लांब धरून वाचला, आणि हसले. "तुमास्नी ऐकू येतंय न्हवं? मग झालं. खरं ते लिवा."

इथं 'खरं'चा अर्थ काय घ्यायचा तेही मला कळेना. पुढं काही येतंय का म्हणून मी बघत राहिले. ते टोपी घालून निघूनही गेले.

शुक्रवारी सकाळी मी चार वेळा लिहायला बसले. गाणं आहे म्हणून लिहावं, तर का आहे ते सांगता येईना. नाही म्हणून लिहावं, तर परवा डोळ्यांत पाणी का आलं होतं? त्यात तो म्हातारा डोळ्यांसमोरून हलेना. एका पोराचं आयुष्य माझ्या सहाशे शब्दांवर टांगलेलं, आणि माझी समज अशी तोकडी. ड बाजू पुन्हा लावावी असं मनात आलं होतं, पण घड्याळात साडेअकरा वाजले होते. शेवटी मी जे लिहिलं त्यात एका परिच्छेदात मुलांच्या धाडसाचं कौतुक होतं, दुसऱ्यात त्याच धाडसाला नावं ठेवली होती, तिसऱ्यात श्रोत्यांनीच काय ते ठरवावं असं म्हटलं होतं. आणि शेवटचं वाक्य होतं, 'एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, की ते ऐकवत नाही.'

ते वाक्य लिहिताना माझ्या मनात नेमकं काय होतं? पंचवीस वर्षं मी स्वतःला विचारते आहे. आपल्या भाषेत भिकार गाणंही ऐकवत नाही, आणि दुसऱ्याच्या घरचं दुःखही ऐकवत नाही. मला यातलं कुठलं म्हणायचं होतं? मला वाटतं, मला फक्त दीडपर्यंत मजकूर द्यायचा होता.

रविवारी सकाळी पुरवणी उघडली. पानावर साडी सेलची अर्ध्या पानाची जाहिरात होती. शनिवारी ऐनवेळी आली असणार. माझ्या सहाशे शब्दांतून उरलं होतं ते इतकंच. धोट्याचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत 'धोटा (खटका)', आणि त्याखाली 'ऐकवत नाही. – रे. गा.'

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साहेबांच्या घरी फोन लावला.

"साहेब, हे काय केलंत तुम्ही?"

"जागा नव्हती हो. तुमचं बाकीचं सगळं इकडून तिकडं होतं. मुद्दा शेवटी होता, तो ठेवला."

"पण मला तसं म्हणायचं नव्हतं!"

"मग कसं म्हणायचं होतं?"

मी फोन ठेवला.

आता, पंचवीस वर्षांनी, परवा एका मुलाचा मला फोन आला. ठाण्याचा होता. तो आणि त्याचे मित्र 'धोटा' पुन्हा काढताहेत, मोठ्या काळ्या तबकड्यांवर. त्यांच्यात म्हणे हा अल्बम दैवत आहे. "मॅडम, तुमचं ते दोन शब्दांचं परीक्षण मागच्या बाजूला छापायचंय," तो म्हणाला. "त्या काळात एवढ्या नेमकेपणानं कुणीच लिहिलं नव्हतं. परवानगी द्याल ना?" मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही. ते सांगायच्या आधी हे सगळं एकदा लिहून काढावं, म्हणून बसले आहे.

तर त्या रविवारी दहाच्या सुमाराला महांतेश माझ्या खोलीवर आला. उंच, हडकुळा, वाढलेले केस रबरानं बांधलेले, हातात पुरवणी. मी दारातच उभी राहिले. शिव्या खायच्या तर उभ्यानं खाव्यात असं मनाशी म्हटलं.

"रे. गा. तुम्हीच न्हवं?"

"हो. हे बघा, मी सहाशे शब्द लिहिले होते..."

"न्हाई न्हाई, मॅडम. थँक्यू म्हणाय आलोय."

मी दारातून बाजूला झाले.

"आमच्या आईचं वाक्य हाय ते," त्यानं पेपरवर बोट ठेवलं. "बसूदादाचा विषय घरात निघाला की ती उठून आत जाती. जाताना म्हणती, मला ऐकवत न्हाई. चार वर्सं झाली, तेवढंच म्हणती. आमच्यातलं कुणीच त्या दिवसाबद्दल दुसरं काय बोललेलं न्हाई. तुम्हाला कसं कळलं?" त्यानं पेपरवरून नजर उचलली. "ड बाजू शेवटपर्यंत ऐकलीसा न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

किती सहज म्हणाले! आजही तो 'हो' आठवला की माझे कान तापतात.

"मला वाटलंच. सगळे मध्येच बंद करत्यात. म्हणत्यात, नुसता माग काय ऐकायचा. त्यो सात नंबर हाय, मॅडम. दादाचं झाल्यापासनं बंद होता. भंगारवाला न्यायला येणार त्या सकाळी अण्णांनी त्यो एकदा चालवला. एकट्यानं. मी सुताच्या पोत्यामागं टेप लपवला होता. माग थांबल्यावर पुढं सहा मिनिटं जे हाय, त्याच्यासाठीच बाकीचं सगळं केलंय. पयल्या तीन बाजू म्हंजे तिथवर चालत जायची वाट."

मी मान हलवली. त्या सहा मिनिटांत काय आहे, हे विचारायची सोय मीच घालवली होती.

"वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

तो हसला, पण फार काही हसला नाही. "सकाळी पेपर वाचला त्यांनी. म्हणाले, गाणं म्हणून कुठं लिवलंय ह्यात? उद्यापासनं मागावर." त्यानं पुरवणीची नीट घडी घातली. "शब्द दिलाय, उभा राहीन. खरं तुम्ही ऐकलासा, तेवढं बास झालं."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि ड बाजू लावली. या वेळी कानात बोळे नव्हते. खट खडाक, खट खडाक. बावीस मिनिटं. पंधराव्या मिनिटानंतर माझ्याही कानाला कळलं की एक ठोका दुसऱ्यापेक्षा जड पडतोय, डावीकडचा. मग माग थांबला. पारवे घुमत होते. चपलांचा आवाज आला. आणि मग दुंडाप्पांचा आवाज आला, त्या दिवशी ऑफिसात होता तसाच मोठा, कारण आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कधी कळायचंच नाही.

"गप," ते म्हणत होते. "गप. गप आता. गप."

रडणाऱ्या तान्ह्याला थोपटावं तसा लाकडावर तळहाताचा आवाज येत होता. सहा मिनिटं तेच. माग तर थांबला होता. मग गप कुणाला? मागाला, बसूला, की स्वतःच्या कानांत जे काही चाललं असेल त्याला? मला कळलं नाही. मी रडले, आणि या वेळी डोकं दुखत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी हुक्केरींची शेड शोधत गेले. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं होतं. मी पूर्ण ऐकलं नव्हतं, ते दोन शब्द माझ्या सहाशे शब्दांचं शेपूट होतं, त्यावर पोराचं भवितव्य ठरवू नका. साहेबांनी दुरुस्ती छापली नाही तर राजीनामा देते, असंही वाटेत ठरवलं होतं. रिक्षात माणूस फार शूर असतो.

शेडमध्ये सात माग चालू होते. मागांवर खडूनं आकडे लिहिले होते. एक ते सहा, मग रिकामी जागा, मग आठ. त्या जागेत सिमेंटची जमीन बाकीपेक्षा उजळ होती. महांतेश तीन नंबरवर उभा होता, खांद्यावर फडकं, केस टोपीत कोंबलेले. त्यानं मला पाहिलं आणि तुटलेल्या धाग्याकडे वळला. दुंडाप्पा मला बघून पुढं आले आणि दाराजवळच्या बाकावर घेऊन गेले. त्या आवाजात मला काही ऐकू येईना, पण ते तर ओरडूनच बोलायचे.

"बरं झालं आलासा! तुमच्याकडंच येणार होतो. तुम्ही लिवलासा, ऐकवत न्हाई. काल सकाळी वाचलं तवा मला राग आला. दुपारी परत वाचलं. म्हटलं, बाईनं बरोबर धरलंय! पोरगं सगळ्या गावाला ऐकवालंय, मला ऐकवत न्हाई! एकदा बी म्हणालं न्हाई, अण्णा, बसा, ऐका."

हा तिसरा अर्थ माझ्या स्वप्नातही आला नव्हता.

"मग त्याला म्हटलं, लाव. बहिरा हाय तर हाय, लाव. टेपवर हात ठेवला. मागावर हात ठेवला की मला कळतंय, कुठं काय चाललंय. पयल्या तीन बाजूत काय कळलं न्हाई. चौथीला कळलं." त्यांनी तळहात माझ्यासमोर उघडा धरला. "सात नंबर. डाव्या अंगानं मारायचा. मीच त्याला चालवलंवतं त्या दिवशी. मग थांबला. मी हात काढला न्हाई. पोरगं माझ्याकडं बघत बसलं. मी इच्यारलं, आता काय हाय? सांगंना. आईला इच्यार म्हणालो, तर ती आत गेली."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल आणि बिडीच्या बंडलाचा कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुम्ही शेवटपर्यंत ऐकलायसा. पोरगं सांगत होतं. माग थांबल्यावर त्यात काय हाय, ते लिवा."

मी महांतेशकडे पाहिलं. तो सगळं बघत होता.

माझी कबुली राहूनच गेली. आता ती सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? मी आधी लिहिलं, 'शांतता आहे.' लिहून खोडलं. त्या माणसाला यापूर्वी एकदा अर्धवट काहीतरी देऊन झालं होतं. मग मी कागद उलटा केला आणि लिहिलं, 'तुमचा आवाज आहे. तुम्ही मागाला थोपटता आहात. म्हणता आहात, गप. गप आता. गप. सहा मिनिटं.'

तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकच परीक्षण धड लिहून झालं असेल, तर ते हे.

दुंडाप्पांनी कागद लांब धरून वाचला. पुन्हा वाचला. ओठ हलत होते. मला वाटलं ते रागावतील, चोरून आपला आवाज धरला म्हणून. मग वाटलं रडतील. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, उठले, तीन नंबरपाशी गेले आणि दांडा ओढून माग थांबवला. महांतेशच्या खांद्यावरचं फडकं काढून आपल्या खांद्यावर टाकलं. त्याच्या पाठीवर दोनदा हात मारला, दाराच्या दिशेनं.

महांतेशला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो नळावर गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. दुपारच्या एस. टी.नं तो मुंबईला गेला.

दुंडाप्पा माझ्याकडे वळले.

"गाणं न्हाई," ते म्हणाले. "खरं..."

आणि थांबले.

मी वाट पाहत उभी राहिले. सात महिन्यांत मी एवढंच शिकले होते, की या गावात 'खरं'नंतर काहीतरी येतं. की हे आमच्याकडचं 'खरं' होतं, आणि ते वाक्य तिथंच पुरं झालं होतं?

"खरं... काय?" मी विचारलं.

ते पाठमोरे झाले होते. त्यांनी दांडा ओढला, आणि तीन नंबर सुरू झाला.